पांढऱ्या पट्ट्याची गांडुळं

"आधी हात ओला कर. मग गांडूळ तळव्यावर घे. वळवळेल ते ठेवायचं, गप्प पडेल ते बाहेर. आणि उगाच चिमटीत धरू नकोस, त्यालाही जीव आहे."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा थोरली या घरात नवी होती. शेडमध्ये शेणाच्या वाफेने तिला मळमळत होतं, आणि सासूबाई कोपरापर्यंत हात खताच्या बेडमध्ये घालून, जणू कणीक मळावी तशा शांतपणे गांडुळं वेचत होत्या. आता त्या राहिल्या नव्हत्या. पण बेड उपसायला बसलं की त्यांचा आवाज कानाशी यायचाच, आणि थोरली न चुकता हात ओला करायची.

घराचा धंदा रोपांचा. लिंबाची कलमं, फुलझाडं, भाजीची रोपं. बाबा, म्हणजे सासरे, कलमं बांधायचे. दोघे मुलगे पिशव्या भरणं, पाणी, गाडी, गिऱ्हाईक बघायचे. आणि ज्याच्यावर सगळं उभं ते गांडूळखत शेडमध्ये तयार व्हायचं. शेड सासूबाईंची होती, त्यांच्यानंतर थोरलीची. पत्र्याखाली विटांचे लांबट बेड, वर ओली गोणपाटं, कोपऱ्यात चाळणी, फावडं, घमेली. घरात कुणी तिला फारसं विचारत नसे. पण शेडमध्ये यायचं तर चपला बाहेर काढून, आणि तिला विचारून. एवढं एकच राज्य तिच्या वाट्याला आलं होतं, आणि तेवढ्यावर तिची तक्रार नव्हती.

मग धाकटी आली.

धाकटीच्या माहेरीही हाच धंदा. पहिल्यांदा माहेरी जाऊन परतली ती साडीचोळीऐवजी झाकणाचे प्लास्टिकचे टब घेऊन. त्यांत लाल, अंगावर पिवळसर आडव्या रेघा असलेली गांडुळं. टबावर जाळी, जाळीला कडेने दोरी. "आई म्हणाली, सुरुवातीला यांच्यावर लक्ष ठेव," असं सांगत तिने ते टब शेडच्या दाराशी मांडले. विचारलं नाही असं नाही. विचारलं होतं. पण थोरलीने "ठेव की, शेड काय माझ्या बापाची आहे?" म्हटल्यावर तिला ते खरंच वाटलं.

धाकटीचं खत काळंभोर, भुरभुरीत निघालं. ती ते दोनदा चाळायची, उन्हात पसरायची, मग शेजारीपाजारी वाटायची. बाबांनी मुठीत घेऊन नाकाशी नेलं.

"थोरले, बघ गं. हिच्या हाताला गुण आहे."

"बघते की," थोरली म्हणाली, आणि बघितलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या आठवड्यात तिचा नवरा कलमांच्या पिशव्या भरायला बसला आणि तिच्यासमोर भावाला म्हणाला, "धाकटीच्या टबातलं आण रे थोडं. कलमांना तेच बरं." तो हे काही वाईट मनाने बोलला नव्हता. म्हणूनच ते आत जाऊन बसलं. रोज पहाटे अंघोळ झाली की थोरली देवासमोर क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. त्या दिवसापासून डोळे मिटले की तिला जाळीचे टब दिसू लागले. ती देवाची माफी मागायची, पुन्हा डोळे मिटायची. पुन्हा टब.

तिने काय करावं? बेड पुन्हा लावले. शेण बदललं, पाला दुप्पट घातला. सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे एकेक गांडूळ तळव्यावर घेऊन पारखलं. गांडुळं बिचारी आपल्या चालीने खात राहिली.

नवऱ्याचा एक मित्र होता, नदीवर गळ टाकणारा. सगळे त्याला गळवालाच म्हणत. एका संध्याकाळी तो मासळी द्यायला आला आणि आमिषाचा डबा ओट्यावर विसरल्यासारखा ठेवून गप्पा मारत बसला. थोरलीने झाकण उघडलं मात्र, आतलं एक गांडूळ टुणकन उडून तिच्या पायावर पडलं. पडलं ते स्वस्थ बसेना. सापासारखं अंग झटकत ओट्याच्या कडेपर्यंत गेलं.

"अगंबाई! हे गांडूळ आहे की भूत?"

"वहिनी, मासा यांच्यावर वेडा होतो," गळवाला हसला. "बाहेरून येतात ही, डबाबंद. शेपूट धराल तर शेपूट सोडून पळतील."

थोरलीने हात ओला केला आणि एक तळव्यावर घेतलं. ते असं वळवळलं की तिला मूठ मिटावी लागली. इतकी वर्षं वळवळेल ते ठेवायचं या बोलावर ती चालली होती, आणि असं वळवळणारं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"हा डबा मला द्या," ती म्हणाली.

"मग मी उद्या काय लावू गळाला?"

"आमच्या ह्यांना लावा. दिवसभर नुसते लोंबकळत असतात."

नवराही हसला. डबा तिला मिळाला.

तिने चोरून काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी धाकटीने विचारलं, "जाऊबाई, ही कुठली?" तर तिने मान वर न करता सांगितलं, "तुझी माहेरची, माझी नदीवरची."

"पट्टा पांढरा आहे यांचा," धाकटी वाकून बघत म्हणाली. "थोडे दिवस वेगळी ठेवून बघूया का?"

"तू तुझी झाकून ठेव. माझ्यांना लाज वाटत नाही."

आणि काय सांगावं, त्या गांडुळांनी तिची लाज राखली! बेडवर पाला घालावा आणि चार दिवसांनी बघावं तर पाला नाही. खताचे ढीग उठले. दाणेदार, मोकळं, घमेल्यात ओततानाही खळखळ आवाज व्हावा असं. बाबा आले, त्यांनी ढिगात हात घातला.

"या खेपेला सगळ्या पिशव्या थोरलीच्या खतानं भरा," ते म्हणाले.

थोरलीने तेव्हा धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या चेहऱ्यावर काही दिसलं असतं तर तिचं समाधान झालं असतं. धाकटी आनंदाने म्हणाली, "छान झालं, जाऊबाई," आणि पिशव्या आणायला गेली. थोरलीचा घास जणू तोंडापर्यंत येऊन खाली पडला.

मग तिने गल्लीत खत वाटायला सुरुवात केली. शिंपीणकाकूंना त्यांच्या परसातल्या भाजीसाठी, कुंभारमावशीला, वळणावरच्या दाईला. चाळायची नाही, सुकवायची नाही. बेडमधून फावड्याने उचलून बादलीत, गांडुळांसकट. "जिवंत खत आहे, काकू. आमच्या धाकटीसारखं वाळवलेलं नाही." बादली रिकामी करून ती यायची तेव्हा तिची पाठ ताठ असायची.

हंगाम निम्मा गेला आणि कलमं पडू लागली.

पहिल्यांदा वाटलं पाणी जास्त झालं. मग वाटलं कमी झालं. रोपाला पाणी घातलं की ते पिशवीत हळूच कलायचं, म्हाताऱ्या माणसाने भिंतीला टेकावं तसं. खोडाला धरून उचललं तर रोप अलगद वर यायचं आणि माती खाली राहायची. मुळांनी काही धरलेलंच नसायचं. शेडमागच्या बांधावरच्या झाडांखाली एरवी पावलागणिक चुरचुरणारा पाचोळा असायचा. तिथे आता उघडी जमीन, आणि माती कशी, तर चहाची भुकटी सांडल्यासारखी दाणेदार. नवे कोंब दिसेनात.

एका बागायतदाराने नेलेली कलमं गाडीत भरून परत आणली आणि अंगणात उतरवली. त्याने आवाजही चढवला नाही. "बाबा, तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं," एवढंच म्हणाला. बाबा त्या आडव्या कलमांजवळ उकिडवे बसले. हाताने माती पुन्हा पुन्हा दाबत राहिले. माती दबेना.

संध्याकाळी सगळी ओसरीवर बसली होती. बाबा म्हणाले, "कशानं झालं हे?"

"कशानं व्हायचं?" थोरलीच्या तोंडून निघून गेलं. "परक्या घरचे किडे आणून दारात ठेवले, त्यांनी खाल्लं सगळं. जाळीला काय, केसाएवढी फट पुरते."

धाकटीने मान वर केली. "माझी गांडुळं शेणाबाहेर जात नाहीत, जाऊबाई. बाहेर मरतात ती."

"तुला कुणी सांगितलं? आईनं?"

"वहिनी," धाकटा दीर म्हणाला, "भांडून काय होणार? कुणाला तरी दाखवू. गांडुळं ओळखणाऱ्या बाई आहेत एक, रोपवाल्यांकडे येतात."

"दाखवा," थोरली म्हणाली. मागे हटायला आता जागाच नव्हती, आणि तिला हटायचंही नव्हतं. "पण एक ठरवा. ज्याची गांडुळं निघतील त्यानं शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही."

तिचा नवरा चुळबुळला. बाबांनी दोन्ही सुनांकडे पाहिलं.

"कबूल?" त्यांनी धाकटीला विचारलं.

धाकटीने मान डोलावली. तिने पदराने डोळे टिपले, हे थोरलीला दिसलं. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

आणि ती वाट बघत बसली नाही. बाई यायच्या आधीच शिंपीणकाकूंच्या दारात उभी राहून म्हणाली, "माहेरून रोग घेऊन आली हो आमची. आईनेच दिला म्हणे बांधून." शिंपीणकाकूंनी तोंडातला दोरा दातांनी तोडला आणि "हो का?" म्हटलं. म्हणजे ते गल्लीच्या टोकापर्यंत जायला संध्याकाळ पुरली.

बाई आल्या त्या पायात गमबूट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. हसतमुख, जाडजूड. घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी पाणी किंवा चहा मागितला नाही, मोहरी मागितली.

"फोडणीला?" बाबांनी विचारलं.

"जमिनीला," बाई म्हणाल्या.

मोहरीची पूड पाण्यात कालवून त्यांनी ते पाणी बांधावरच्या उघड्या जमिनीवर ओतलं. सगळे कडेने उभे राहिले. जरा वेळ काहीच झालं नाही. मग माती हलली, आणि इथून तिथून गांडुळं वर येऊ लागली, डोळ्यांत तिखट गेल्यासारखी अंग झटकत.

"झोंबतं त्यांना," बाई म्हणाल्या. "जमीन खणली तर तुटतात. अशी आपणहून येतात. घ्या वेचून, पण वयात आलेलीच. पट्टा नाही ते पोर. पोरांवरून घराणं ओळखता येत नाही."

"आमच्याकडे पोरांवरूनच ओळखतात," थोरलीचा नवरा पुटपुटला. कुणी हसलं नाही.

थोरलीने स्वतः तबकं आणली. एकात बांधावरची, दुसऱ्यात धाकटीच्या टबातली, तिसऱ्यात, मागितली म्हणून, आपल्या बेडमधली. बाई ओट्यावर बसल्या. पातळ केलेल्या स्पिरिटमध्ये एकेक गांडूळ सोडलं, ते सैल पडलं की पांढऱ्या बशीत सरळ निजवलं. त्यांचा हात हलका होता. थोरली अगदी खांद्याशी उभी. बाई धाकटीचं गांडूळ बघत होत्या.

"हे बघा. रेघा आहेत. पट्टा फुगीर, आणि पाठीवर खोगीर घातल्यासारखा, पोटाकडे उघडा. आता अंगावरचे काटे." त्यांनी भिंग थोरलीच्या हातात दिलं. "जोड्या-जोड्यांनी दिसतात? प्रत्येक वळीवर अगदी मोजके. हे शेणातलं. बाहेरच्याच देशातून आलंय, पण जगभर खताला हेच वापरतात. मोकळ्या मातीत याचं जमत नाही. घरकोंबडं आहे."

थोरलीला ऐकूनच कसंतरी झालं. "आणि बांधावरचं?"

बाईंनी ते निजवलं. "पट्टा डोक्याच्या जवळ, दुधासारखा, सपाट. आणि अंगठी घातल्यासारखा चहूकडून बंद. काटे बघा."

भिंगातून प्रत्येक वळीभोवती बारीक काट्यांचं कडं दिसलं, पूर्ण, कुठेही न तुटलेलं.

"हे वेगळं घराणं. हेही बाहेरून आलेलं, पण हे घरात बसत नाही. वरचा पाचोळा आधी खातं, आणि इतक्या घाईने खातं की मातीला बांधून ठेवणारं काही उरतच नाही. नेमकं नाव मी आत चिरून बघितल्यावर कळवीन. घराणं मात्र पक्कं." त्यांनी तिसरं तबक पुढे ओढलं. "हे कुठलं?"

खरं तर त्यांनी सांगायची गरजच नव्हती. तबकातलं गांडूळ स्पिरिटमध्ये पडायच्या आधीच उसळलं, शेपटीचा तुकडा मागे टाकून तबकाच्या काठावरून खाली उडालं, आणि उन्हात त्याचा पांढरा पट्टा चमकला.

बाईंना घरातलं काही ठाऊक नव्हतं. त्या सहज म्हणाल्या, "हं, हेच. ही कुणाची?"

"माझी," थोरली म्हणाली.

बाई गेल्या. जाताना करायचं ते सांगून गेल्या: खत अंगणाबाहेर न्यायचं नाही, उन्हात पसरून वर पारदर्शक प्लास्टिक ताणून तापू द्यायचं म्हणजे आतली अंडी मरतील, हत्यारं आणि गमबूट धुतल्याशिवाय फाटकाबाहेर न्यायचे नाहीत.

थोरली शेडमध्ये गेली नाही. तिचीच अट होती. दाराबाहेर उभी राहून ती नवऱ्याला सांगत राहिली, हा बेड आधी बाहेर काढा, तो नंतर, गोणपाट जाळा. तो घमेली भरभरून उन्हात आणायचा आणि ती पसरायची, वर प्लास्टिक ताणून कडेला विटा ठेवायची. प्लास्टिकखाली घाम धरला. आत सळसळ चालली होती, मग थांबली. सासूबाईंच्या वेळची काही साधी गांडुळंही त्यातच होती. ती वेगळी काढायला वेळ नव्हता. तिने मनातल्या मनात हात जोडले.

धाकटी जवळ आली. "जाऊबाई, ती अट मी काही धरून बसलेली नाही. तुम्ही या आत. चाळणी मला जड होते."

हे ऐकून थोरलीच्या अंगाची आग झाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं, ही दान द्यायला आली होती. "नको," ती म्हणाली. "राज्य कर."

धाकटी गेली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"गल्लीत किती घरांत गेलंय ते खत?"

"आहेत पाच-सहा."

"सांगायला हवं ना त्यांना? त्यांच्या परसातही..."

"सांगतील हे."

तेवढ्यात नवरा घमेलं घेऊन बाहेर आला. त्याने ऐकलं होतं. घाम पुसत म्हणाला, "त्यात काय एवढं? गल्लीत तसंही सगळे म्हणतात धाकटीच्या माहेरचा रोग. तसंच राहू दे. ती नवी आहे, चार दिवसांत विसरतील लोक. तू इतक्या वर्षांची, तुझं नाव कशाला खराब?"

तो आत गेला. थोरलीने विटेवरून हात काढला नाही. किती सोपं होतं! काही बोलायचंही नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. तिने धाकटीकडे पाहिलं. आणि धाकटीने आजवर कधी काढला नव्हता असा आवाज काढला, चिरका, लहान मुलीसारखा.

"मला काय म्हणायचं ते म्हणा, जाऊबाई. पण आई येणार आहे पुढच्या आठवड्यात. कुंभारमावशी मला म्हणाल्या, तुझ्या आईला विचारणार आहे मी, असली भेट देतात का लेकीला म्हणून. सगळ्यांसमोर विचारतील. आणि तिला काही माहीतच नाही. ती नुसती हसेल, तिला वाटेल थट्टा आहे."

थोरलीला धाकटीच्या आईचं हसू आठवलं. लग्नात एकदाच पाहिलेलं, पुढचा दात किंचित तुटलेला. आपण "आईनेच दिला बांधून" असं म्हटलं तेव्हा हा चेहरा डोळ्यांसमोर नव्हता. की होता?

"रडू नकोस," ती म्हणाली. "उद्या मीच जाते. गांडुळं कुणाची होती तेही सांगते."

"खरंच?"

"म्हटलं ना. आता जा, तिकडे प्लास्टिक उडतंय."

सकाळी ती अंघोळ करून देवासमोर उभी राहिली. टब दिसले. तिने माफी मागितली नाही. तशीच उभी राहिली, टबांसकट. मग स्वयंपाकघरात जाऊन मोहरी कुटली, कळशीतल्या पाण्यात कालवली. कळशीच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. बादली आणि झाकण घेतलं. चपला घासून धुतल्या.

अंगणातून जाताना शेडकडे नजर गेलीच. धाकटी आत उभी होती, दोन्ही हातांनी चाळणी हलवत. तिला ती खरंच जड होत होती. बाबा दाराशी, चपला बाहेर काढून, काहीतरी सांगत होते, आणि धाकटी हसत होती. ते हसू थोरलीच्या काळजात जिथे रुतायचं तिथेच रुतलं. रात्रभरात काही बदललं नव्हतं. वाटलं, परत फिरावं. संध्याकाळी जाऊ. हे जातील.

शिंपीणकाकूंच्या घरातून शिलाई मशीनचा आवाज येत होता. कुंभारमावशी तिथेच दारात टेकलेली दिसली. म्हणजे एकदा सांगितलं की दोघींना सांगून होणार होतं, आणि दोघी ऐकणार होत्या.

थोरलीने कळशी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली, पदर खांद्यावर नीट केला, आणि फाटकाची कडी काढली.